पातं करकरलं तेव्हा

यवतमाळच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं नोकरी केली, पण मी नेमकं काय करते हे माझ्या सख्ख्या बहिणीलाही कधी नीट सांगता आलं नाही. ती राळेगावला असते. कोणी विचारलं की म्हणते, "आमची ताई रक्त तपासते." मी रक्त कधीच तपासलं नाही. माझं काम तुकड्यांचं होतं.

डॉक्टर माणसाच्या शरीरातून गाठीचा, आतड्याचा, फुप्फुसाचा लहानसा तुकडा काढतात. त्याला बायोप्सी म्हणतात. हा शब्द आता खेड्यापाड्यांतही पोचलाय, पण फक्त घाबरण्यापुरता. तुकडा औषधाच्या बाटलीतून आमच्याकडे यायचा. त्यातलं पाणी काढून टाकायचं, तो वितळलेल्या मेणात मुरवायचा आणि कॅरमच्या सोंगटीएवढी मेणाची वडी करायची. त्या वडीला आम्ही ब्लॉक म्हणायचो. मग ती वडी यंत्रात बसवून हाताने चाक फिरवायचं. दर फेऱ्याला पातं तिचा एक पापुद्रा काढतं. कांद्याचा पापुद्रा त्याच्यापुढे जाडाभरडा म्हणावा इतका तो पातळ असतो. कोमट पाण्यावर तो सायीसारखा पसरतो. तिथून अलगद काचेवर घ्यायचा, जांभळ्या आणि गुलाबी रंगात रंगवायचा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा. रिपोर्टवर सही त्यांची. पण तुकड्याला पहिला हात माझा.

या कामात डोळ्यांइतकाच कान लागतो, हे मात्र कोणत्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. चांगला ब्लॉक आवाज न करता कापला जातो. त्यात हाड किंवा चुना असेल तर पातं करकरतं आणि पापुद्र्यावर उभ्या रेघा उमटतात. मग ब्लेड सरकवायचं, नाहीतर नवीन लावायचं आणि पुढे जायचं. दिवसाला चाळीस-पन्नास ब्लॉक असायचे. एखादा करकरला म्हणून कोणी थांबत नाही. मीही थांबत नसे.

माझी निवृत्ती दहा-बारा वर्षांवर असताना आमच्याकडे नवा मायक्रोस्कोप आला. त्याच्यासोबत दोन गोल, करड्या काचा होत्या आणि वर कॅमेरा बसवायची सोय होती. विभागप्रमुख डॉ. शेख मॅडम तेव्हा नुकत्याच आल्या होत्या. उंच, किरकोळ बांध्याच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी एक काच खाली दिव्याजवळ बसवली, दुसरी वर नळीत, आणि मला म्हणाल्या, "वानखडे, वरची हळूहळू फिरवा आणि काय होतं ते सांगा."

मी फिरवली. उजेड कमी होत होत मिट्ट काळोख झाला.

"दिवा गेला, मॅडम."

"दिवा चालू आहे," त्या म्हणाल्या आणि टेबलावरच्या बरणीतून चिमूटभर साखर काचेवर टाकली. काळोखात एकदम निळे, पिवळे, नारिंगी खडे पेटले.

मला समजलं ते असं. प्रकाश सगळ्या दिशांनी थरथरत येतो. खालची काच त्यातली एकच दिशा पुढे सोडते. वरची काच बरोबर आडवी धरली की तीही दिशा अडते, म्हणून काळोख. पण मध्ये ठेवलेल्या वस्तूत विशिष्ट घडणीचा स्फटिक असेल, तर तो प्रकाशाला वळवतो, आणि त्या काळोखात तेवढाच उजळतो. साखर चमकते. मीठ चमकत नाही, तेही स्फटिकच असलं तरी. कापसाचा धागा चमकतो. रक्त आणि पेशी मात्र जवळजवळ दिसेनाशा होतात. याला पोलरायझिंग मायक्रोस्कोप म्हणतात. आम्ही नुसतं 'पोल' म्हणायचो.

पहिले काही महिने मी वेड्यासारखी दिसेल ते त्याच्याखाली ठेवलं. डोकेदुखीची गोळी, नखाचा तुकडा, साडीच्या पदराचा धागा. फोटो काढायलाही शिकले. आमची खोली रस्त्याच्या बाजूला होती. बाहेरून टिप्पर गेला की टेबल हलायचं आणि फोटो पुसट यायचा. म्हणून दुपारी रस्ता जरा थंडावला की मी श्वास रोखून बटण दाबायची.

एकदा बाभुळगावचे गणिताचे एक निवृत्त शिक्षक आले. कुंकवाच्या करंड्यात कापूस घालून त्यांनी स्वतःचा मूतखडा आणला होता. ऑपरेशन होऊन महिना झाला होता, तपासणीही झाली होती.

"मग आता काय पाहिजे, सर?" मी विचारलं.

"फोटो," ते म्हणाले. "मॅडम, बारा वर्षं यानं मला नाचवलं. निदान तोंड तर पाहू द्या त्याचं."

डॉ. शेख हसल्या आणि "काढून द्या" म्हणाल्या. मी खड्याचा कण कुटून काचेवर घेतला. असा रंगीत फोटो आला की मीच बघत राहिले. सरांनी तो मोठा करून, चौकट लावून दिवाणखान्यात टांगला. दिवाळीला चिवडा घेऊन आले तेव्हा सांगत होते, पाहुणे विचारतात हे कुठल्या राजवाड्यातलं काचकाम आहे, आणि मी सांगतो, माझ्या डाव्या मूत्रपिंडातलं.

एवढी एक गोष्ट सांगून थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. ज्या दिवाळी अंकासाठी हे लिहितेय, त्याच्या संपादकांनाही तसलंच काही हवं असावं. पण मला त्या यंत्राची आठवण झाली की सरांचा खडा आठवत नाही, उत्तम आडे आठवतो.

उत्तम नेरकडच्या एका बंजारा तांड्यावरचा, वय एकोणतीस. त्याच्या छातीतून सुईने काढलेला तुकडा आमच्याकडे आला. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: क्षयाची शंका, औषधांचा गुण नाही. व्यवसायाच्या रकान्यात: शेती.

ब्लॉक यंत्रात लावला आणि पहिल्याच फेऱ्याला पातं करकरलं. पापुद्र्यावर तीन रेघा. ब्लेड सरकवलं, पुन्हा रेघा. त्या दिवशी पाकिटात शेवटचंच नवीन ब्लेड उरलं होतं आणि नवीन पाकीट यायला आठवडा होता, म्हणून मी चिडले होते. चिडले म्हणून बोलले. नाहीतर बोलले नसते. स्लाइड मॅडमपुढे ठेवताना म्हणाले, "मॅडम, रेघा आल्यात, रागावू नका. हा ब्लॉक फार करकरतो."

त्यांनी मान वर केली. "करकरतो म्हणजे कसा?"

"वाळू कापल्यासारखा."

त्यांनी बराच वेळ स्लाइड पाहिली. मग म्हणाल्या, "पोलच्या काचा लावा."

मी काचा लावल्या. गुलाबी-जांभळं फुप्फुस विझलं आणि त्या काळोखात बारीक बारीक टिंबं उजळली. काही ठसठशीत, काही इतकी मंद की नजर बसेपर्यंत दिसू नयेत. स्लाइड गोल फिरवली की ती विझायची आणि पुन्हा पेटायची. मला वाटलं, हातमोज्यांची पावडर पडली असेल, तीही अशीच चमकते. मॅडम म्हणाल्या, "फोकस बघा. धूळ वर पडलेली असेल तर आधी ती स्पष्ट होते, मग पेशी. इथे दोन्ही एकदम स्पष्ट होतात. हे आतलं आहे." मग म्हणाल्या, "ठसठशीत आहेत ते सोबतचे दुसरे कण. खरी सिलिका मंद असते. दगडाची भुकटी आहे ही. हा माणूस शेतकरी नाही."

बाहेरच्या बाकावर तो बसला होता. शेजारी त्याची बायको शेवंता, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट धरून. तो दोन्ही हात बाकावर टेकून, खांदे वर उचलून श्वास घेत होता. मी जवळ बसले आणि विचारलं, "काम काय करता तुम्ही?"

"शेती लिहिलं ना जी कागदावर," तो म्हणाला.

"शेतीशिवाय? दगडाचं काही?"

"ते तं तिकडं, कारखान्यात." त्याने हाताने दूर कुठेतरी दाखवलं. "पांढरा दगड दळाचं काम होतं. दोन वर्षं केलं. मैद्यावानी पीठ निंघते त्याचं. काचेच्या कामाले लागते म्हणत. भाकर खाले बसलो का भाकरीवरबी बसे."

"तोंडाला काय बांधत होता?"

"दुपट्टा."

"आणखी कोण होतं सोबत?"

"आमच्या तांड्यावरचे सात जण. माहा मोठा भाऊ वसंता पयले गेलता. त्याले टीबी झाली, तो वापस आला. मंग त्याच्या जागेवर मी लागलो."

मी विचारलं, "त्याची तपासणी कुठे झाली होती?"

उत्तर शेवंताने दिलं, नवऱ्याकडे बोट करत. "इथंच तं झाली, ताई. याच खिडकीतून मी रिपोट नेला. टीबी सांगतली. मी यायले म्हणलं होतं, तिकडं नोका जाऊ, त्या कामानंच झालं असंन. तं हे म्हणे, रिपोटमंदी टीबी लिवलं हाय, टीबी तं कोणालेबी होते, कामानं थोडी होते."

"भाऊ कसा आहे आता?"

"गेला," उत्तम म्हणाला. "दोन वर्षं झाले."

ब्लॉक आणि स्लाइड आम्ही वर्षानुवर्षं जपून ठेवतो. मागच्या खोलीत लोखंडी कपाटं आहेत, त्यात क्रमांकाने लावलेले खण. वसंता आडेचा ब्लॉक सापडायला अर्धा तासही लागला नाही. माझ्या कामाच्या वहीतही त्या दिवसाची नोंद होती, माझ्याच अक्षरात: 'करकरतो. ब्लेड दोनदा बदललं.' तेव्हा ब्लेडची पाकिटं भरपूर होती. मी ब्लेड बदललं आणि पुढच्या ब्लॉककडे वळले. कोणाला काही बोलले नाही.

त्याची स्लाइड मी पोलखाली लावली. लावण्याआधीच मला माहीत होतं. तरी लावली. तीच टिंबं, उत्तमपेक्षा दाट. वसंताचा तुकडा आला त्या आठवड्यातही हे यंत्र याच टेबलावर होतं, या दोन काचा याच्याच खणात होत्या. मी त्या दिवसांत बहुधा साखरेचे फोटो काढत असेन.

मी डॉ. शेखना बोलावलं. त्यांनी स्लाइड पाहिली, मग जुना रिपोर्ट वाचला. त्यात लिहिलं होतं, क्षयरोगाशी सुसंगत. लहानशा तुकड्यात क्षयाच्या आणि या भुकटीच्या गाठी सारख्या दिसू शकतात, हे मला तेव्हाही माहीत होतं, आजही आहे. मॅडम खुर्चीत बसल्या.

"सही माझी आहे," त्या म्हणाल्या.

"मॅडम, पातं करकरलं होतं. मी सांगितलं नाही तुम्हाला."

"मी विचारलं नाही."

त्यानंतर आम्ही दोघी त्यावर कधीच बोललो नाही. मी निवृत्त होईपर्यंत एकाच खोलीत काम केलं, डबा एकत्र खाल्ला, पण हा विषय निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तमला आत बोलावून मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. आजाराचं नाव सिलिकोसिस. भुकटी फुप्फुसात रुतून बसली आहे, तिच्याभोवती घट्ट गाठी झाल्या आहेत, खोकला आणि दम यांवर औषधं देता येतील. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मले पाहू देता का ते?"

रुग्णाला स्लाइड दाखवायची पद्धत नाही. मॅडमनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी स्टूल खाली केलं, काचा लावल्या, त्याला डोळे कुठे टेकवायचे ते दाखवलं. त्याला खोकला आला, श्वासाने काच धुरकटली, मी पुसली. तो पुन्हा वाकला.

"हे माह्या छातीतलं होय?"

"हो."

"किती असतीन असे?"

"मोजता येत नाहीत."

तो पाहतच राहिला. "लय चांगलं दिसून राह्यलं," तो म्हणाला. "शेवंता, ये, पाह्य."

शेवंता दारातच उभी होती. ती पुढे आली नाही. पदर तोंडाला लावून म्हणाली, "मले नाई पाहाचं."

"धुऊन नाई काढता येत का जी?" त्याने मला विचारलं, मॅडमना नाही. मीच काचेचं काम करते, पुसते-धुते, म्हणून मला माहीत असेल असं त्याला वाटलं असावं.

मी नाही म्हणाले. त्याच क्षणी वसंताच्या ब्लॉकचंही सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. तुझ्या भावाचा तुकडा माझ्या हातात करकरला होता, मी बोलले असते तर कदाचित रिपोर्ट वेगळा आला असता, आणि रिपोर्ट वेगळा आला असता तर तू त्या कामाला गेला नसतास. पण तो यंत्रावरून उठला, मला हात जोडले आणि म्हणाला, "तुमी दाखोलं, बरं झालं. कोणी काई दाखोतच नाई." असं म्हटल्यावर आता कसं सांगायचं, म्हणून मी काचा काढून पुसायला घेतल्या. आज मागे वळून पाहताना वाटतं, तो नुसता बहाणा होता.

वसंताचा सुधारलेला रिपोर्ट मॅडमनी काढला, फाइलमधल्या जुन्याला जोडून. मग कामगार खात्याच्या कार्यालयांना पत्रं लिहिली. मी दोन्ही भावांच्या स्लाइडचे फोटो काढले. आयुष्यात काढले त्यात ते सगळ्यांत चांगले फोटो असतील. प्रत्येक जागेचे दोन, साध्या प्रकाशातला आणि पोलखालचा, शेजारी शेजारी, म्हणजे कोणालाही समजावं. पत्रांची उत्तरं आली तीही सांगते. एका कार्यालयाने कळवलं की कारखाना आमच्या हद्दीत येत नाही. जिथे येत होता तिथून कळवलं की त्या कारखान्याच्या हजेरीपटावर अशा नावांचे कामगार नाहीत. मॅडमनी मला सोबत घेऊन तिथल्या एका साहेबांची भेट घेतली. त्यांनी फोटो हातात धरला, सरळ-उलटा करून पाहिला.

"यातून सिद्ध काय होतं, डॉक्टर? ठिपके आहेत."

"दगड आहे तो," मॅडम म्हणाल्या. "माणसाच्या फुप्फुसात."

"पण कोणत्या कारखान्यातला, ते यावर लिहिलेलं नाही ना."

ते उद्धटपणे बोलले नाहीत. चहा पाजला. फोटो फाइलला लावून घेतला. परत येताना रिक्षात मॅडम एवढंच म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं. लिहिलेलं नाही."

मग मी एक गोष्ट स्वतःहून केली. दसऱ्याच्या आधी मुकादम जीप घेऊन तांड्यावर येतो आणि कामाला माणसं नेतो, हे उत्तमने सांगितलं होतं. त्याच्या आधी एका रविवारी मी एस.टी.ने नेरला गेले आणि तिथून तांड्यावर. सेवालाल महाराजांच्या देवळापुढच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं जमली. उत्तमलाही खाटेवरून उचलून आणून बसवलं होतं. मी उत्तमच्या स्लाइडचे फोटो दाखवले. आधी साधा, मग दुसरा. साखरेचं आणि मिठाचं सांगितलं, काचांचं सांगितलं. माझ्या मते मी फार सोपं करून सांगितलं.

फोटो या हातातून त्या हातात फिरला. लोकांनी मन लावून ऐकलं. मग गमछा गळ्यात टाकलेला एक चाळिशीचा माणूस म्हणाला, "ताई, तुमी म्हणता ते खरं हाय. आमाले वसंता दिसला, उत्तम दिसून राह्यला. पण सोयाबीन निंघालं का मंग इथं काय करावं? तुमच्या दवाखान्यात हाय का काम?"

मी म्हणाले, "दुसरं कोणतंही काम बघा. हे नको."

"पाहू," तो म्हणाला. तो चिडला नव्हता. मी पाहुणी होते, म्हणून मला वाईट वाटू नये असं बोलत होता.

त्या वर्षी जीप आली तेव्हा चार जण गेले. त्यात तोही होता. शेवंताने नंतर सांगितलं, जाताना त्याने तोंडाला एका दुपट्ट्याऐवजी दोन बांधायचं ठरवलं होतं. माझ्या सगळ्या समजावण्याचा परिणाम म्हणजे तो एक जास्तीचा दुपट्टा.

उत्तम त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेला. शेवटचे दोन महिने आमच्याच रुग्णालयात होता, वरच्या मजल्यावर. मी जेवणाच्या सुट्टीत जायची. त्याला आडवं होता येत नसे. पुढे उशी घेऊन, तिच्यावर डोकं ठेवून तो बसल्या बसल्या झोपायचा. बोलायला दम पुरत नव्हता, म्हणून एक वाक्य दोन-तीनदा तोडून बोलायचा. एकदा त्याने विचारलं, "तो फोटो... हाय का... अजून?" मी हो म्हणाले. "राहू द्या," तो म्हणाला. रोज जिना चढताना मी ठरवायची की आज वसंताचं सांगायचं. वर गेल्यावर त्याची पाठ दिसायची, बरगड्या मोजाव्यात अशी, आणि मी काहीतरी दुसरंच बोलून परत यायची. खाली येऊन पुन्हा यंत्राशी बसायची, चाक फिरवायची.

त्यानंतर आमच्या विभागात एक नियम झाला. जो ब्लॉक करकरेल त्याच्या कागदावर लाल पेनाने तसं लिहायचं, आणि ती स्लाइड पोलखाली पाहिल्याशिवाय रिपोर्ट द्यायचा नाही. व्यवसायाच्या रकान्यात शेती लिहिलेलं असलं तरी बाहेर जाऊन माणसाला विचारायचं. माझ्या उरलेल्या नोकरीत त्या तांड्यावरचे आणि शेजारच्या गावांचे मिळून आणखी तिघे सापडले. 'सापडले' हा आमच्या धंद्यातला शब्द. त्यांना स्वतःला काही सापडलं नाही. आजाराचं खरं नाव मिळालं, एवढंच. तिघांतला एक जण मला म्हणाला होता, "नाव समजलं, आता उपाय सांगा." आमच्या खोलीत उपाय नसतो. तिथे फक्त नाव असतं. तेही वेळेवर दिलं तर कदाचित मागून येणाऱ्याला उपयोगी पडतं, आणि मी ते एकदा वेळेवर दिलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर पहिला हिवाळा मी घरातच काढला. वाचन होईना, झोप लागेना. बहिणीला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तू काय डॉक्टर आहेस का? तुझा काय दोष?" तिने मायेपोटी म्हटलं. मला त्याने बरं वाटलं नाही. मला वाटायला लागलं की हे ज्यांचं आहे त्यांना सांगितल्याशिवाय सुटका नाही. वसंता नाही, उत्तम नाही. वसंताची बायको माहेरी निघून गेलेली. राहिली शेवंता.

मी पुन्हा नेरला गेले, तिथून तांड्यावर. शेवंता अंगणात सुपात तूर पाखडत बसली होती. वाळली होती, पण मला पाहून ओळखीचं हसली. पोतं झटकून बसायला दिलं, पाणी आणलं. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मी सांगितलं. काही झाकलं नाही. पातं करकरलं होतं, मी वहीत लिहिलं, डॉक्टरांना सांगितलं नाही, काचा खणात होत्या, म्हणून वसंताच्या रिपोर्टात टीबी आली, आणि तो रिपोर्ट वाचून उत्तम त्या कारखान्यात कामाला गेला.

ती सूप हलवायची थांबली. तुरीतला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"यायले सांगतलं होतं का तुमी हे? जित्ते होते तवा?"

"नाही."

"मंग मले कायले सांगता?"

डोळ्यांत पाणी आलं, ते तिला दिसू नये म्हणून मी खाली पाहिलं. पण तिला दिसलंच असणार.

"मी समजत होती, नशिबात होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "इतके दिवस तसंच समजून राह्यली." मग तिने सूप पुन्हा उचललं. "साडेतीनची गाडी हाय तुमची. फाट्यावर जाले वेळ लागते."

ती रागावली नव्हती, मला हाकलत नव्हती. मी तिथून उठावं, एवढंच तिला हवं होतं. मी उठले. चालायला लागल्यावर मागून सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

तिच्या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला आहे. खरं उत्तर मला त्याच दिवशी, एस.टी.त बसल्यावर समजलं होतं. माझं मन हलकं व्हावं म्हणून मी गेले होते. ते झालं नाही. आणि कोणाच्याच हातात काही नव्हतं, या एका समजुतीवर शेवंता इतके दिवस तग धरून होती. तेवढं तिच्याजवळ उरलं होतं, आणि तेही मी त्या दुपारी काढून घेतलं.